कोकम सरबत नव्हतं ते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दत्तकृपा सोसायटीचे चेअरमन माननीय काकासाहेब, महिला मंडळाच्या अध्यक्षा रुपालीताई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती प्रज्ञा भिंगारदिवे, तिच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसलेल्या तिच्या आई राहीबाई, समोरच्या माझ्या मैत्रिणी, लेकी-सुना आणि मागच्या रांगेतली पुरुष मंडळी, सर्वांना भागिरथी सहादेव गुंजाळ हिचा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. रुपालीताईंनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, ते दिसतंय मला. पण ताई, आज थोडं पुढंमागं होईल, हे आधीच सांगून ठेवते.

मी मॅट्रिक झालेली बाई. मंडळाची खजिनदार म्हणून वर्षातून एकदा कागद वाचून दाखवते, तोही बसून. उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ. परवा रुपालीताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, प्रज्ञा तुमच्या समोरच्याच दारात राहायची. शेजारी म्हणून दोन गोड शब्द तुम्हीच बोला." मी हो म्हटलं. दोन गोड शब्दांचं भाषण लिहिलंसुद्धा. चांगलं झालं होतं. त्यात "द्राक्षवेलीसारखी बहरो" असं एक वाक्य होतं. ते घरी ठेवून आले आहे.

प्रज्ञा ऑस्ट्रेलियाला कामाला निघाली, तिचा फोटो पेपरात आला, "सावेडीच्या कन्येची भरारी" असं वर छापून आलं, आणि आपण हा हॉल घेतला. छान केलं. पण ही कन्या सावेडीत राहते का हो? दोन वर्षं झाली, ती नागापूरला राहते. का राहते? ते सांगायला मी उभी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तिचं काम सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका वाइनच्या कारखान्यात ती चवपरीक्षक होती. टाकीतली वाइन तयार झाली का, कोणती कशात मिसळायची, हे तिच्या नाकावर आणि जिभेवर ठरायचं. शिवाय ती एका मोठ्या परीक्षेचा अभ्यास करत होती. त्या परीक्षेत बाटली झाकून ठेवतात आणि समोर नुसते ग्लास मांडतात. रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि लिहायचं, द्राक्ष कोणतं, मुलूख कोणता, किती वर्षांची, कशी मुरवली. मग तो घोट थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. गिळला की पुढच्या ग्लासाला नाक-जीभ जागेवर राहत नाही म्हणे.

राहीबाई इथं राहायला आल्या त्या आठवड्यात जिन्यात कुणीतरी त्यांना विचारलं, "मुलगी कुठं असते कामाला?" त्या म्हणाल्या, "दारूच्या कारखान्यात हाय. पर पीत न्हाई, थुकती. थुकायचाच पगार हाय तिला." अख्खा जिना हसला होता. आठवतंय ना? मीही हसले. आणि घरात येऊन ह्यांना म्हणाले, "चांगली वस्ती आली समोर." ते कौतुकानं म्हटलं नव्हतं.

प्रज्ञा पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला कागदी कपात चहा दिला. "आमच्याकडे सगळ्यांनाच असा देतो" असं वर सांगितलं. सगळ्यांना देत नव्हते. तुम्हा सगळ्यांना माझे निळ्या फुलांचे कप माहीत आहेत.

आता पुढचं ऐका. दर गुरुवारी आमच्याकडे दत्ताला नैवेद्य असतो. घेवड्याची भाजी, आमटी, भात, थोडंसं गोड. एका गुरुवारी प्रज्ञा माझं पार्सल द्यायला दारात आली. माझी आमटी उकळत होती. मी पातेल्यावर वाकून वास घेतला आणि चिमूटभर मीठ टाकलं. ती बघत राहिली.

"काकू, चव न घेता कसं कळलं मीठ कमी आहे?"

"वासावरून."

"मिठाला वास असतो?"

"मिठाला नसतो. पण मीठ कमी असलं की आमटीचा वास सैल येतो. नैवेद्याचं चाखून कसं चालेल, उष्टं होईल ना ते! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं. चाळीस वर्षं झाली."

ती दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, माझं एक काम कराल? नुसता वास घ्यायचा."

माझ्या मैत्रिणींनो, मी नाही म्हटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. मीही इतके दिवस तसंच सांगत आले. मी त्याच आठवड्यात गेले. अट घातली की माझ्या उंबऱ्याच्या आत बाटली आणायची नाही आणि मी तोंडाला लावणार नाही. रोज दुपारी तीन वाजता, प्रज्ञा कामावरून आली आणि हे झोपले की मी समोर जायचे. अहो, तुम्ही मागं बसला आहात, तुम्हालाही हे आजच कळतंय. राहीबाईंकडे तांदूळ निवडायला जाते असं मी तुम्हाला सांगायचे. सात महिने तांदूळ निवडत होते, आणि तुम्हाला एकदाही शंका आली नाही, हा तुमचा मोठेपणा.

हसा, हसा. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

प्रज्ञा चार ग्लासांत बोट-बोटभर वाइन ओतायची, खाली नंबराच्या चिठ्ठ्या. मी ग्लास हलवून नाक घालायचे आणि येईल ते बोलायचे. पहिल्या दिवशी एका पांढरीला म्हटलं, "ओल्या गवताची पेंढी सोडल्यासारखं. आणि पेरूचा पाला." ती नाशिककडची निघाली. एक लाल हुंगून म्हटलं, "जांभळाची साल, वर मिरी कुटल्यासारखं." तीही तिकडचीच. मग तिनं तेच द्राक्ष, तोच तालुका, पण दुसऱ्या कारखान्याची वाइन दिली. तिच्यात लवंग होती आणि सुताराकडून आणलेल्या कपाटाचा वास होता. ती म्हणाली, "काकू, ह्यांनी लाकडी पिंपात मुरवली, त्यांनी स्टीलच्या टाकीत ठेवली." मी म्हटलं, "म्हणजे एकीनं कैरीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत घातलं आणि दुसरीनं डब्यात." ती टाळी देऊन हसली. "हे मी चार वर्षं पुस्तकातून शिकत होते," म्हणाली, "तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

कर्नाटकातल्या, सोलापूरकडच्या, मग चिलीच्या, फ्रान्सच्या, कुठल्याकुठल्या आल्या. चिलीच्या एका लालला चिरलेल्या शिमला मिरचीचा वास यायचा, ती मला कधीच चुकली नाही. एकीला आमच्या बेलापूरच्या गुऱ्हाळाचा वास होता, काहिलीतली मळी काढतात तेव्हाचा. माझं माहेर बेलापूरचं. त्या दिवशी मी ग्लास खालीच ठेवला नाही. आणि एकदा एक जर्मनीची पांढरी आली. मी नाक लावलं आणि बाजूला सारली. "पोरी, ह्याला रॉकेल लागलंय. फेकून दे."

प्रज्ञा खुर्चीवरून उठली. "काकू! तीच खूण आहे तिची! मुरली की रॉकेलचाच वास येतो. परीक्षेत हेच लिहायचं असतं!"

आतून राहीबाई ओरडल्या, "रेशनच्या लायनीत जल्म गेला आमचा, आमाला इचारायचं ना!"

मी सांगायचे आणि मीच लिहून ठेवायचे. कागद वाया घालवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं नेली होती, त्यांच्या पाठीवर. माझ्या अक्षरातली ती पानं प्रज्ञाकडेच राहायची. ती म्हणायची, "काकू, इंग्रजीत ह्या वासांना मोठमोठी नावं आहेत, पण मला तुमचीच लक्षात राहतात."

खोटं कशाला सांगू? माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते. तुम्हाला काय येतं, असं मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ह्या मुलीनं विचारलं. तेव्हापासून तिला निळ्या फुलांच्या कपात चहा मिळू लागला, एवढीच काय ती माझी परतफेड.

मग श्रावण आला.

त्या दिवशी दोन लाल होत्या. एक नाशिकची, एक इटलीची. दोन्हींना जांभळाचाच वास. मी चारदा हुंगलं, काही ठरेना. मला राग आला स्वतःचा. मी म्हटलं, "दे, घोट घेऊन बघते."

प्रज्ञा म्हणाली, "नको काकू. गळ्यात माळ आहे तुमच्या. श्रावण आहे. राहू द्या, मी सांगते ना."

"थुंकायचीच आहे ना? मग काय होतंय?"

हे वाक्य माझं आहे. ती नको म्हणत होती आणि मी तिच्या हातून ग्लास घेतला. बेसिनपाशी जाऊन दोन्हींचे घोट तोंडात फिरवले आणि थुंकले. एकीनं हिरड्या आवळल्या, केळीची साल चावल्यासारख्या. आणि डावीकडची आंबट होती, स्वच्छ, आमसुलासारखी. माझं ठरलं. मी वळून "डावीकडची" असं म्हणणार, तेवढ्यात उघड्या दारातून रुपालीताई आत आल्या. सत्यनारायणाचं बोलावणं करायला आल्या होत्या. माझ्या हातात ग्लास, हनुवटीवर लाल ओघळ.

"अगं बाई! काकू?"

आमसूल जिभेवर होतंच माझ्या. मी म्हटलं, "हिनं मला कोकम सरबत म्हणून दिलं!"

कोकम सरबत नव्हतं ते. मला माहीत होतं. मीच मागून घेतलं होतं. रुपालीताई, मान खाली घालू नका. तुम्ही पाहिलं तेवढंच पुढं सांगितलंत. पण तुम्ही "हाय हाय" करत मला हाताला धरून घरी नेलंत, तेव्हा दोन दारांमधल्या चार पावलांत मला चार वेळा खरं बोलता आलं असतं. नाही बोलले. तुम्ही गोमूत्र आणून दिलंत, ते घेतलं. प्रायश्चित्ताचा उपास केला. संध्याकाळी तुम्ही सगळ्या समाचाराला आलात, कुणी कुणी पायाला हात लावला. मी लावू दिला.

रविवारी सभा झाली. याच काकासाहेबांच्या अध्यक्षतेखाली. "एका वृद्ध, धार्मिक महिलेस फसवून मद्य पाजल्याबद्दल" असे शब्द ठरावात आहेत, माझ्या तोंडपाठ आहेत. फ्लॅटच्या मालकाला पुण्याला, भाडेकरू काढा असं पत्र लिहायचं ठरलं. काकासाहेबांनी रीतीप्रमाणे प्रज्ञाला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

तिच्या पर्समध्ये माझ्या अक्षरातली पानं होती. सात महिन्यांची, तारखा घातलेली. चेन अर्धी उघडी होती, मला पांढऱ्या कडा दिसत होत्या. ती एवढंच म्हणाली, "काकूंना विचारा. त्या सांगतील तसं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. काकासाहेब म्हणाले, "त्यांना आणखी त्रास नको," आणि हात वर झाले. माझाही झाला.

काय म्हणालात काकासाहेब? आजच्या आनंदाच्या प्रसंगी नको? साहेब, उद्या तिचं विमान आहे. ऑस्ट्रेलियात मी तिला कुठं शोधू? आणि घरी जाऊन एकटीपाशी सांगितलं असतं तर ते तिला माहीतच आहे. माहीत नाही ते तुम्हाला.

एक गोष्ट आणखी बोलते, बोलायची जड आहे. माझ्या एका वाक्यावर तुम्ही सगळ्यांनी क्षणात विश्वास ठेवला. कुणी एक प्रश्न विचारला नाही. सात महिने ही बाई तिथं रोज काय करत होती, असंही कुणी विचारलं नाही. का नाही विचारलं? मी देवधर्म करणारी म्हणून? ते अर्धं झालं. उरलेलं अर्धं तिच्या आडनावात होतं. "अशा लोकांकडून" हे शब्द या हॉलमध्ये त्या दिवशी कितीदा आले, ते मी ऐकलेत. मी ज्या वाक्याच्या आड लपले ते तुमच्याकडे आधीच तयार होतं. मी फक्त त्यात कोकम घातलं.

महिनाभरात टेम्पो आला. मी दाराआड उभी होते. राहीबाईंनी कडी वाजवली. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी माझा एक डबा परत केला आणि म्हणाल्या, "बाई, नाक लई चांगलं हाय तुमचं. जिभंचं तेवढं बगा."

मागून प्रज्ञा आली. हातात कुंडी होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाली, "काकू, डावीकडची इटलीची होती. तुमचं बरोबर होतं."

म्हणजे मी तोंड उघडलं होतं ते काय सांगायला, हे तिनं ओळखलं होतं. तशा दिवशीही तिनं माझा मार्क कापला नाही.

नागापूरला त्यांना खोली मिळाली ती स्प्रे रंगकामाच्या वर्कशॉपला लागून. ह्यांची नोकरी तिकडेच झाली, म्हणून ह्यांची अजून जा-ये असते. स्टॉपवर राहीबाई भेटल्या की हे मला येऊन सांगायचे, अगदी साधेपणानं, "ती पोरगी पहाटे पाचला उठते म्हणे ग्लास हुंगायला. आठला वर्कशॉप सुरू झालं की थिनरच्या वासात काही कळत नाही तिला." मी भाकरी थापत ऐकायचे. त्या वर्षी ती परीक्षेत नापास झाली. लेखी सुटली, ग्लासांच्या पेपरात गेली. तिचं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी पास झाली, ती माझ्यामुळे नाही, मी असूनही. पेपरात छापून आलं त्यात हे नाही.

झालं, ताई. संपवतेच.

दोन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली काकासाहेबांकडे. तो ठराव ज्या वहीत आहे त्याच वहीत, त्याच्याखाली, "भागिरथी गुंजाळ यांनी खोटे सांगितले होते" असं लिहून तो रद्द करावा. नुसता रद्द नको. रद्द केला की आपण मोठ्या मनानं माफ केलं असं वाचणाऱ्याला वाटेल. माझ्या नावानं लिहा, मी सही करते. खजिनदारपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला आहे. खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातात वह्या असू नयेत.

दुसरी गोष्ट. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, "शाल व श्रीफळ, सौ. भागिरथीकाकू यांच्या हस्ते." प्रज्ञा, ते ताट इथं आहे. तुला ते माझ्या हातून नको असेल तर इथं कुणीही वाईट वाटून घेऊ नये, आणि घेतलंच तर ते माझ्या वाट्याचं आहे. राहीबाईंच्या हातून घे. नाहीतर राहू दे. नको म्हणायचा हक्क तुला त्या दिवशी बेसिनपाशी होता. मी तो ऐकला नाही. आज ऐकेन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मंडळाची, चेअरमन साहेबांची आणि हॉलची व्यवस्था पाहणाऱ्यांची मी आभारी आहे. बोलताना अडखळले, वेळ जास्त घेतला, मानापानात कुणाचं नाव राहिलं असेल, तर त्याची सभेनं मला माफी द्यावी.

त्या खोट्याची माफी मी सभेकडे मागत नाही. सभा त्या दिवशी माझ्याच बाजूची होती. ती जिच्याकडे मागायची ती इथं बसली आहे. प्रज्ञा, मी चुकले. "असेल तर" नाही. चुकले. तू आज काही बोलायलाच हवं असं नाही.

नमस्कार.